प्रकल्पातील संवाद : कोणाला, केव्हा आणि कशासाठी

ठरावीक मुदतीत, ठरावीक पैशांत आणि एकदाच करायचे काम म्हणजे प्रकल्प, अशी व्यवस्थापनशास्त्राची सर्वमान्य व्याख्या आहे. कारखान्यातील नेहमीचे उत्पादन रोज तीच माणसे त्याच पद्धतीने करीत असल्यामुळे तेथे कोणी कोणाला काय सांगायचे हे सवयीने ठरून गेलेले असते. प्रकल्पात मात्र एकमेकांना अनोळखी असलेली माणसे, सरकारी खाती, कंत्राटदार आणि गावे काही वर्षांपुरती एकत्र येतात, आणि जी देवाणघेवाण अन्यत्र आपोआप चालते ती येथे मुद्दाम घडवून आणावी लागते. म्हणूनच प्रकल्प व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात वेळापत्रक, खर्च आणि गुणवत्ता यांच्या बरोबरीने संवादाला स्वतंत्र स्थान दिले जाते. प्रत्यक्षात मात्र संवाद म्हणजे बैठका, अहवाल आणि सादरीकरणे एवढाच अर्थ घेतला जातो आणि त्यांची संख्या वाढली की संवाद सुधारला असे मानले जाते. ही कसोटी फसवी आहे. निर्णय बदलणे शक्य आहे तोवर त्याच्यावरील आक्षेप आणि कामातील वाईट बातमी निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचते की नाही, यावरच प्रकल्पातील संवादाची पारख होते. या विधानाचा अर्थ कोकण रेल्वेच्या उभारणीच्या आणि अमेरिकेतील दोन अंतराळ मोहिमांच्या आधारे येथे तपासून पाहिला आहे.

हितसंबंधी कोण?

प्रकल्पावर ज्यांचा परिणाम होऊ शकतो किंवा प्रकल्पाचा ज्यांच्यावर परिणाम होतो, अशा सर्व व्यक्ती आणि गटांना हितसंबंधी म्हणतात. अमेरिकी अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रात रुजली. तिचे महत्त्व व्याख्येच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, कारण ज्यांच्या हाती पैसा किंवा अधिकार आहे त्यांची यादी कोणीही करतो, पण ज्यांना केवळ परिणाम भोगावे लागतात त्यांची नोंद बहुधा राहून जाते.

कोकण रेल्वेच्या बाबतीत ही यादी किती लांब होती हे पाहण्यासारखे आहे. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद आले. महामंडळाच्या भांडवलात भारतीय रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. यांपैकी केरळच्या हद्दीत या मार्गाचा एकही किलोमीटर नव्हता, परंतु मुंबईचे अंतर कमी होणार असल्यामुळे त्या राज्याचे हित मार्गात गुंतलेले होते. उरलेला पैसा मोठ्या प्रमाणात रोख्यांतून उभा करायचा असल्याने गुंतवणूकदारही या व्यवहारात आले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरच्या मार्गात नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे २००० पूल बांधायचे होते, म्हणजे कंत्राटदार, यंत्रपुरवठादार आणि मजूर यांचा मोठा समुदाय त्यात सामील होणार होता. याशिवाय सुमारे ४३ हजार जमीनमालक होते, आणि त्यांच्यापलीकडे ज्यांची जमीन जाणार नव्हती पण पाणवाट, पायवाट किंवा शेताचा बांध बदलणार होता असे कितीतरी शेजारी होते.

इतक्या सर्वांशी सारखाच संवाद ठेवणे अशक्य असल्यामुळे प्राधान्य ठरवावे लागते. त्यासाठी ऑब्री मेंडेलो यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकट सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात प्रत्येक गटाचा अधिकार किती आणि आस्था किती, या दोन प्रश्नांवरून चार घरे पाडली जातात. अधिकार आणि आस्था दोन्ही मोठी असलेल्यांना निर्णयप्रक्रियेत सामावून घ्यावे, अधिकार मोठा पण आस्था थोडी असलेल्यांचे समाधान राखावे, आस्था मोठी पण अधिकार थोडा असलेल्यांना माहिती देत राहावे आणि उरलेल्यांवर केवळ लक्ष ठेवावे, असा तिचा सल्ला असतो. ही चौकट सोयीची आहे. मात्र ती आखली जाते त्या दिवसाचेच चित्र तिच्यात उमटते, हा तिचा मोठा दोष आहे. आज ज्याच्या हाती काही नाही असा शेतकरी उद्या न्यायालयात, वर्तमानपत्रांत किंवा रस्त्यावर उतरून प्रकल्प थांबवू शकतो. रोनाल्ड मिचेल, ब्रॅडली एगल आणि डॉना वूड यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या विवेचनात म्हणूनच अधिकाराच्या जोडीला मागणीची वैधता आणि तिची निकड हे आणखी दोन निकष आले. ज्याची मागणी रास्त आहे आणि ज्याला थांबायला वेळ नाही, त्याला अधिकार मिळवून देणारा कोणीतरी सहसा सापडतोच, हे त्यातून व्यवस्थापकाने घ्यायचे तात्पर्य आहे.

नोटीस आणि समजावणी

भूसंपादनासाठी त्या काळी १८९४ चा कायदा लागू होता. त्यानुसार सरकारने राजपत्रात, वर्तमानपत्रांत आणि गावात अधिसूचना प्रसिद्ध करायची, जमीनमालकाने ३० दिवसांत हरकत नोंदवायची आणि जिल्हाधिकाऱ्याने ती ऐकायची, असा क्रम होता. कायद्याच्या दृष्टीने एवढ्याने माहिती दिली गेली. पण माहिती दिली जाणे आणि माहिती पोचणे यांत कोकणात नेहमीच अंतर राहिले आहे. येथील जमिनी लहान तुकड्यांत विभागलेल्या, सातबाऱ्यावर मृत आजोबांपासून चुलतभावंडांपर्यंत अनेक सहहिस्सेदारांची नावे, आणि त्यांपैकी कित्येकजण मुंबईत चाकरमानी म्हणून राहणारे. अशा स्थितीत चावडीवर चिकटवलेला कागद ज्याने वाचायला हवा तो गावात नसतो आणि जो गावात असतो त्याला एकट्याने संमती देण्याचा हक्क नसतो.

कोकण रेल्वेने कायद्यातील या टप्प्यांच्या जोडीला जमीनमालकांची प्रत्यक्ष समजूत घालण्यावर भर दिला, अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन स्वखुशीने दिली, आणि एवढ्या मोठ्या संख्येच्या मालकांकडून जमीन मिळवण्याचे काम साधारण वर्षभरात उरकले. रेल्वेची मागणी कोकणाने अनेक दशके केलेली होती, त्यामुळे वातावरण अनुकूल होते हे खरे. परंतु रेल्वे हवी असणे आणि ती आपल्या परसातून जाऊ देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जमीनमालकाचे प्रश्न देशाच्या विकासाविषयी क्वचितच असतात. आपल्या गटातील नेमकी किती गुंठे जमीन जाणार, आंब्याची आणि माडाची कोणती झाडे पट्ट्यात येतात, घर आणि भातखाचर यांच्यामध्ये भराव आल्यावर बैल पलीकडे कसे न्यायचे, पावसात डोंगरावरून येणारे पाणी भरावाला अडून अंगणात तुंबणार का, पैसे कोणत्या महिन्यात मिळणार, असे ते असतात. त्यांची उत्तरे जनसंपर्क अधिकाऱ्याच्या पत्रकातून देता येत नाहीत. त्यासाठी नकाशा हाती असलेला आणि मोरीची जागा चार मीटर सरकवण्याचा अधिकार असलेला अभियंता समोर उभा असावा लागतो. ज्याच्याशी बोलून काहीही बदलत नाही अशा माणसाशी लोक फार काळ बोलत नाहीत.

याच टप्प्यावर दिलेली आश्वासने हा संवादातील सर्वांत जोखमीचा भाग असतो. जमीन देणाऱ्या कुटुंबांना नोकरीत प्राधान्य मिळावे ही अपेक्षा कोकण रेल्वेच्या प्रकल्पग्रस्तांनी मार्ग सुरू झाल्यानंतरही वर्षानुवर्षे लावून धरली. काय देण्याचे ठरले, किती जणांना आणि कोणत्या अटींवर, हे जितके स्पष्टपणे लिहून दोन्ही बाजूंकडे ठेवलेले असते तितके पुढचे भांडण लहान होते; तोंडी दिलेला भरवसा देणाऱ्याची बदली झाली की दस्तऐवजात उरत नाही, पण ऐकणाऱ्याच्या घरात तो पिढीभर टिकतो.

गोव्यातील वाद

गोव्यातील सुमारे १०५ किलोमीटरच्या टप्प्यात चित्र बदलले. नियोजित मार्ग दाट वस्तीच्या आणि खाजन जमिनींच्या पट्ट्यातून जात होता. खाजन म्हणजे खाडीकाठची सखल जमीन. बांध घालून आणि पाण्याच्या दारांनी खाऱ्या पाण्याची ये-जा सांभाळून तेथे भातशेती, मासेमारी आणि मिठाचे उत्पादन शतकानुशतके चालत आले आहे. अशा जमिनीतून रेल्वेचा भराव गेला तर पाण्याची ही नाजूक व्यवस्था बिघडेल, जुन्या गोव्यातील वारसावास्तूंच्या परिसराला धोका पोचेल आणि वस्तीला पुराचा त्रास होईल, असे आक्षेप घेऊन मार्ग पूर्वेकडील अंतर्भागातून न्यावा, अशी मागणी आंदोलकांनी केली. महामंडळाच्या बाजूने लांबी, खर्च, मुदत आणि मुख्य शहरांना मिळणारी जोडणी हे मुद्दे होते. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेची याचिका १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली, म्हणजे कायद्याची लढाई महामंडळाने जिंकली; तरीही १९९३ मध्ये केंद्र सरकारने गोव्यातील काम थांबवले आणि न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवली. पुढे मूळ मार्गच कायम राहिला आणि काम पुन्हा सुरू झाले, मात्र या खंडात वेळ आणि पैसा दोन्ही गेले.

या वादात कोणाची बाजू अभियांत्रिकीदृष्ट्या बरोबर होती, हा येथे विचाराचा विषय नाही. संवादाच्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट अशी की आक्षेप जोराने पुढे आले तेव्हा मार्गाची आखणी झालेली होती आणि मुदत जाहीर होऊन चुकली होती. त्यामुळे प्रत्येक सूचना म्हणजे वेळापत्रकावरचा हल्ला ठरली आणि प्रत्येक खुलासा म्हणजे घेतलेल्या निर्णयाचे समर्थन ठरले. खाजनातील कोणत्या दारातून भरतीचे पाणी किती आत येते हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक असते, त्याचे ज्ञान आखणीच्या वेळी विचारले तर ते अभियंत्याला उपयोगी पडते. आखणीनंतर तेच ज्ञान विरोधकाचे हत्यार होते. त्या काळी अशा प्रकल्पासाठी पर्यावरणीय जनसुनावणीची सक्ती नव्हती. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची केंद्रीय अधिसूचना १९९४ मध्ये निघाली आणि तिच्यात जनसुनावणीची अट १९९७ मध्ये आली. अर्थात सुनावणी सक्तीची झाली तरी ती निर्णयाच्या आधी आणि मोकळ्या मनाने घेतली जाते की केवळ इतिवृत्तापुरती, हा प्रश्न आजही प्रत्येक प्रकल्पात नव्याने उभा राहतो.

कामाच्या आतला संवाद

बाहेरच्या हितसंबंधींइतकाच अवघड प्रश्न कामावरच्या माणसांमधील संवादाचा असतो, आणि त्याचे एक साधे गणित आहे. गटातील प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागत असेल तर पाच माणसांत १० जोड्या होतात, दहांत ४५ आणि वीसांत १९०. माणसे दुप्पट झाली की संवादाच्या वाटा चौपटीहूनही थोड्या अधिक होतात. आयबीएम कंपनीच्या संगणक प्रणालीच्या उभारणीचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात याच कारणाने असा निष्कर्ष काढला की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात नवी माणसे घातली तर तो आणखी रखडतो, कारण नव्यांना समजावून सांगण्यात जुन्यांचा वेळ जातो. पुण्याच्या हिंजवडीतील किंवा बंगळुरूतील कोणत्याही प्रकल्पप्रमुखाला हा अनुभव नवा नाही.

यावरचा उपाय म्हणजे वाटाच कमी करणे, आणि तो अधिकाराच्या वाटणीतून साधतो. कोकण रेल्वेचा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटला होता. प्रत्येक विभाग सुमारे १०० किलोमीटरचा आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. स्थानिक प्रश्न स्थानिक पातळीवर सुटले तर बेलापूरच्या मुख्यालयाकडे फक्त तेवढेच प्रश्न जातात जे तेथेच सुटू शकतात. अधिकार खाली न देता केवळ माहिती वर मागवणारे मुख्यालय अहवालांत बुडून जाते, आणि कामाच्या जागेवरची माणसे उत्तराची वाट पाहत बसून राहतात.

श्रीधरन यांच्या कार्यपद्धतीतील उलटे घड्याळ हे संवादाचे आणखी एक बोलके साधन होते. उद्दिष्टाच्या तारखेला किती दिवस उरले हे दाखवणारे हे फलक कोकण रेल्वेच्या आणि पुढे दिल्ली मेट्रोच्या कार्यालयांत लागले. मुदत हा एरवी करारातील एक आकडा असतो. भिंतीवर रोज कमी होणारा आकडा शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सर्वांना एकच गोष्ट एकाच वेळी सांगतो. तयार झालेले तुकडे लगेच वाहतुकीला खुले करणे हेही बाहेरच्या लोकांशी बोलणेच होते. मार्च १९९३ मध्ये मंगळूर ते उडुपी आणि जूनमध्ये रोहा ते वीर गाडी धावू लागली, तेव्हा काम पुढे सरकत असल्याचा पुरावा कोणत्याही जाहिरातीविना लोकांसमोर आला.

तरीही घड्याळ फक्त एकाच दिशेने बोलते. गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यात ओल्या, भुसभुशीत मातीने खोदकाम पुनःपुन्हा ढासळत राहिले तेव्हा तारीख जमिनीच्या स्वभावापुढे मागे सरली. सुरुवातीला धरलेली मुदत १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची होती. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. वरून खाली येणारी निकड आणि खालून वर जाणारी वस्तुस्थिती या दोहोंना सारखीच वाट मोकळी ठेवणे, ही संवादाची खरी कसरत असते. दुसरी वाट बंद झाल्यास काय होते, हे अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या अपघाताने दाखवले.

वाईट बातमीचा प्रवास

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी युटा राज्यातील मॉर्टन थायोकॉल ही अग्निबाण बनवणारी कंपनी, नासा या अमेरिकी अंतराळ संस्थेचे अलाबामातील मार्शल अंतराळ केंद्र आणि फ्लोरिडातील केनेडी प्रक्षेपण केंद्र यांच्यात दूरध्वनीवरून बैठक झाली. दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण होते आणि रात्री तापमान गोठणबिंदूखाली जाणार होते. अग्निबाणाच्या सांध्यांमधील रबरी कडी थंडीत ताठर होतात आणि तप्त वायू रोखू शकत नाहीत, अशी कंपनीच्या अभियंत्यांची भीती होती. त्यांच्यातील रॉजर बॉइसजॉली यांनी तसा इशारा जुलै १९८५ मध्येच कंपनीतील वरिष्ठांना लेखी दिला होता. घाईने तयार केलेले तक्ते पाठवून कंपनीने तापमान १२ अंश सेल्सियसपेक्षा कमी असल्यास प्रक्षेपण करू नये, अशी शिफारस केली. मार्शल केंद्रातील अधिकाऱ्यांनी तीव्र नाराजी दाखवली. कंपनीने आपसांत विचार करण्यासाठी पाच मिनिटे मागितली. ती चर्चा सुमारे अर्धा तास चालली आणि अखेर अभियंत्यांना बाजूला ठेवून व्यवस्थापकांनी शिफारस फिरवली. २८ जानेवारीला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने यंत्रातील दोषाइतकेच निर्णयप्रक्रियेवर बोट ठेवले. प्रक्षेपणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांना आदल्या रात्री कंपनीने विरोध केला होता, हेच ठाऊक नव्हते. माहिती संस्थेत होती, ती मांडणारी माणसे होती, बैठकही झाली होती. पण वाईट बातमी मधल्या पायरीवर मिटवली गेली आणि वर पोचली ती केवळ संमती. या घटनेत आणखी एक सूक्ष्म बदल झाला होता. यान सुरक्षित आहे हे सिद्ध करा, असे एरवी विचारले जाते. त्या रात्री अभियंत्यांना यान असुरक्षित आहे हे सिद्ध करण्यास सांगितले गेले. शंका घेणाऱ्यावर पुराव्याचे ओझे टाकले की शंका कमी होतात, धोका कमी होत नाही.

शंका कोणी दडपली नाही तरी ती हरवू शकते. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळाकडे गेलेले नासाचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी गमावले गेले, त्यामागे मोजमापाच्या एककांचा घोळ होता. कंत्राटदार कंपनीची संगणक आज्ञावली जोराच्या परिणामाचे आकडे पौंड-सेकंद या एककात देत होती, तर नासाचा चमू ते न्यूटन-सेकंद या एककातील समजून वापरत होता. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. मार्ग अपेक्षेप्रमाणे जुळत नसल्याचे मार्गनिर्देशन करणाऱ्यांच्या लक्षात आले होते, पण ती शंका ठरलेल्या अधिकृत पद्धतीने नोंदवली न जाता अनौपचारिक पत्रव्यवहारात राहिली. ज्या शंकेला क्रमांक, मालक आणि उत्तर देण्याची तारीख नसते ती कोणाच्याच कामाच्या यादीत जात नाही.

साधने आणि सवयी

या उदाहरणांतून व्यवहारासाठी काही नियम हाती लागतात. प्रकल्पाच्या सुरुवातीलाच संवाद आराखडा करावा, म्हणजे कोणाला, कोणती माहिती, कोणत्या भाषेत, किती दिवसांनी आणि कोण देणार, याचा एक पानी तक्ता; त्यात उलट दिशेचा रकाना असावा, म्हणजे त्या गटाकडून काय ऐकायचे आणि ते कोणाकडे न्यायचे हेही लिहिलेले असावे. प्रत्येक कामासाठी करणारा कोण, अंतिम उत्तरदायी कोण, सल्ला कोणाचा घ्यायचा आणि केवळ कळवायचे कोणाला, या चार भूमिका ठरवाव्यात, आणि उत्तरदायी व्यक्ती एकच असावी. बैठकीचे इतिवृत्त २४ तासांत फिरवावे आणि त्यात चर्चेच्या वर्णनापेक्षा निर्णय, नाव आणि तारीख असावी. मतभेद झाल्यास तो निर्णयाबरोबरच नोंदवावा, कारण एकमत झाल्याचे दाखवणारा कागद पुढच्या पायरीवरील माणसाला अंधारात ठेवतो.

हिरवा, पिवळा आणि लाल अशा रंगांनी कामाची स्थिती दाखवणारे साप्ताहिक अहवाल आता सर्वत्र रूढ आहेत. बाहेरून हिरव्या आणि आतून लाल असलेल्या अशा अहवालांना या क्षेत्रातील लोक थट्टेने कलिंगड म्हणतात. असे अहवाल खोटेपणामुळे तयार होतातच असे नाही. लाल रंग दाखवणाऱ्याला बैठकीत झोडपले जाते आणि हिरवा दाखवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, एवढे कारण पुरेसे असते. म्हणून अहवालाचा नमुना बदलण्याआधी लाल रंग पाहिल्यावर प्रमुख पहिला प्रश्न काय विचारतो, हे तपासावे. ‘हे कोणी केले?’ असे विचारणाऱ्याला पुढच्या आठवड्यापासून हिरवेच अहवाल मिळतात. ‘यासाठी काय लागेल?’ असे विचारणाऱ्याला खरे अहवाल मिळतात.

संवादासाठी दिलेला वेळ हा कामातून काढलेला वेळ आहे, अशी तक्रार घाईच्या प्रकल्पांत नेहमी होते. गोव्यातील थांबलेले काम आणि चॅलेंजरवरील सात मृत्यू यांचा हिशेब मांडला तर ही तक्रार टिकत नाही. प्रकल्पप्रमुखाने आराखड्यावर सही करण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : या निर्णयाला ज्यांचा विरोध असू शकतो त्यांच्याशी बोलणे झाले आहे का, आणि त्यांचे म्हणणे पटल्यास निर्णय बदलण्याची सोय अजून शिल्लक आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर सही पुढे ढकलावी.